गुलाबाची काडी आणि फेब्रुवारीचा भाव

फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: मावळचा गुलाब निघाला परदेशी. बातमी खरी असते, पण ती छापून येते तोवर शेतकऱ्याचा डाव टाकून झालेला असतो. १४ फेब्रुवारीचा गुलाब ठरतो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा पॉलिहाऊसमध्ये छाटणी आणि ‘बेंडिंग’ची गडबड असते. बारीक फांद्या न तोडता खाली वाकवून ठेवायच्या. त्यांची पाने झाडाला पोसत राहतात आणि बुडातून जाड, सरळ फूट निघते. ती तोडणीला यायला साधारण ४५ ते ५० दिवस लागतात. रात्रीचे तापमान १५-१६ अंशांच्या आसपास राहिले तर हिशेब जमतो. कडाका वाढला की कळी रेंगाळते, तोडणी १० तारखेच्या पुढे सरकते आणि मग त्या लाल फुलाला परदेशात कुत्रे विचारत नाही.

मावळात ही शेती रुजली त्याला कारणे आहेत. सह्याद्रीलगतची सौम्य हवा, पवनेचे पाणी आणि द्रुतगती मार्गाने हाकेवर आलेला मुंबईचा विमानतळ. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क झाले, पॉलिहाऊसचे प्रशिक्षण मिळू लागले आणि पवनानगरच्या बाजूला भातखाचरांशेजारी प्लास्टिकची छपरे दिसू लागली. हे छप्पर उन्हाइतकेच मावळातल्या धो धो पावसाला अडवण्यासाठी असते. आत तांबडी माती, शेणखत आणि भाताचे तूस कालवून केलेले गादीवाफे, ठिबकमधून पाणी आणि खत. बंद, दमट हवेत भुरी आणि डावणी हे बुरशीजन्य रोग टपलेलेच. कोरडे पडले की लाल कोळी ही कीड.

भाव खरा ठरतो ग्रेडिंगच्या टेबलावर. पहाटे तोडलेली फुले बादलीतल्या पाण्यासकट शीतगृहात जातात, थंड होतात आणि मग आखलेल्या टेबलावर येतात. ४०, ५०, ६० सेंटिमीटर, अशा खुणांवर एकेक काडी लावायची. फूल कितीही देखणे असो, दांडा वाकडा निघाला की ते बाजूला. ‘टॉप सिक्रेट’ किंवा ‘ताजमहल’सारख्या लाल जातींची २० फुलांची गड्डी कोरुगेटेड कागदात गुंडाळली जाते आणि पुन्हा २ ते ४ अंशांत जाते. त्या खोलीत आंबे-सफरचंदे चुकूनही ठेवायची नसतात. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीनने फुले लवकर म्हातारी होतात.

सगळ्यात चमत्कारिक अट ऑस्ट्रेलियाची. तिथे जाणाऱ्या गुलाबाचे दांडे ग्लायफोसेट या तणनाशकाच्या द्रावणात बुडवून ठेवावे लागतात, म्हणजे कुणी काडी मातीत खोचली तरी ती रुजणार नाही. जिवापाड जपलेल्या झाडाची काडी शेवटी स्वतःच्या हाताने निकामी करायची!

हा सगळा खटाटोप ज्या निर्यातीसाठी, तिचे कौतुक मला थोडे अवास्तवच वाटते. नेदरलँड्समधल्या आल्समीरच्या लिलावात घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. त्या बाजारात केनिया आणि इथिओपियाच्या पठारांवरच्या प्रचंड फुलबागांशी आपल्या वीस-तीस गुंठेवाल्याने झुंजायचे, वर विमानभाडेही सोसायचे. त्यात लग्नसराई फेब्रुवारीत आली तर दिल्ली-मुंबईचा व्यापारी जागेवर तेवढाच, कधी त्याहून चढा भाव देतो, पैसेही लवकर हातात येतात. अलीकडच्या हंगामांत म्हणूनच अनेकांनी चांगला माल देशातच विकला. १४ फेब्रुवारी वर्षातून एकदा येतो. गुलाबाचे झाड मात्र पाच-सहा वर्षे रोज फुलत राहते आणि बँकेचा हप्ताही महिन्याच्या महिन्याला असतो.

घरच्या बाजाराचा हा आधार किती मोलाचा आहे, ते २०२०च्या टाळेबंदीत कळले. लग्ने थांबली, मंदिरे बंद झाली, आणि झाड जगवायचे म्हणून फुले रोज तोडून खड्ड्यात टाकावी लागली. ते संकट सरले. आता मंडपात प्लास्टिकची फुले बसली आहेत. एकदा घेतली की डेकोरेटर ती धुऊन-पुसून किती लग्नांत फिरवतो, याला गणतीच नाही. त्यांच्यावर बंदी घाला, अशी मागणी फूलउत्पादकांनी लावून धरली आहे आणि ती रास्त आहे.

बंदी येईल तेव्हा येईल. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघतील. तुमच्या घरी कार्य असेल तर डेकोरेटरला आगाऊ रक्कम देण्याआधी फुले खरी असणार का, एवढे विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या.