फॉर्मवरचा कोरा रकाना

सकाळी पावणेनऊला मुलुंड पश्चिमेतल्या आमच्या लॅबमध्ये दिवसाची पहिली डबी येते. वॉर्डातले मामा ती काउंटरवर ठेवतात, वहीत सही घेतात आणि निघतात. डबी उघडण्याआधी मी सोबतचा फॉर्म बघते. नाव, वय, बेड नंबर, नमुना: नाकातील ऊतक. त्याखाली रुग्णाच्या माहितीचा रकाना असतो आणि बहुतेक वेळा तो कोराच असतो.

बुरशी शोधणाऱ्याला तो रकाना सूक्ष्मदर्शकाइतकाच लागतो. बुरशीचे बीजाणू हवेत, मातीत, शिळ्या पावावर, सगळीकडे असतात. धडधाकट माणूस ते रोज श्वासातून आत घेतो आणि त्याला काही होत नाही. शरीरात खोलवर शिरायला बुरशीला वाट लागते. ती वाट कशाने उघडली, हे त्या रकान्यात लिहिलेले असायला हवे.

म्हणून मी वॉर्डात फोन लावते. सिस्टर केस पेपर चाळतात. "मॅडम, शुगर चारशेच्या वर होती. अ‍ॅडमिट होण्याआधी बाहेर स्टिरॉइडही घेतलंय." एवढे दोन शब्द ऐकले की पुढचे काम बदलते. एरवी ऊतकाचा तुकडा आम्ही खलात वाटतो. हा वाटायचा नाही, ब्लेडने बारीक कापायचा. अशा रुग्णात संशय म्यूकर या बुरशीचा, आणि तिच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतातच. वाटले की ते फुटतात, आणि बुरशी असूनही कल्चर कोरे येते. तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवला तरी तेच. फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते. एका रुग्णालयातून असा आलेला नमुना मला अजून आठवतो. सलाइनमधला दुसरा तुकडा मिळेपर्यंत पूर्ण दिवस गेला होता, आणि या आजारात एक दिवस फार मोठा असतो.

कापलेल्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि थांबायचे. पेशी विरघळल्याशिवाय तंतू नीट दिसत नाहीत. मग दिसतात: रुंद, फितीसारखे, जागोजागी दुमडलेले, फांद्या बहुधा काटकोनात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक असतात, त्यांना ठरावीक अंतरावर पडदे असतात आणि फांद्या साधारण 45 अंशांत फुटतात. हा फरक दिसताच डॉक्टरांना कळवायचे, कल्चरची वाट बघायची नाही. अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्यूकरवर निरुपयोगी आहे. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन बी लागते आणि सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

मे 2021 मध्ये अशा डब्या एकामागून एक येत होत्या. मुलुंडचे जंबो कोविड केंद्र तेव्हा भरलेले होते, आणि म्यूकरचे काळी बुरशी हे नाव घराघरात पोचले होते. खरे तर ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेले ऊतक काळे पडते. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा ठरलेला डोस होता दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, तोही ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णालाच. कित्येकांनी ते घरीच, गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतले. आधीचा मधुमेह, त्यात स्टिरॉइडने चढलेली साखर आणि दुबळ्या झालेल्या पांढऱ्या पेशी. रक्तात आम्ल वाढले की बांधलेले लोहही सुटे होते, आणि म्यूकरला लोह हवेच असते.

आयसीयूतली वाट वेगळी. तिथे भीती कॅन्डिडाची. ही बुरशी आपल्या आतड्यात आधीपासून असते. दिवसेंदिवस भारी अँटिबायोटिक्स दिली की तिला आवरणारे जिवाणू मरतात. पोटाची शस्त्रक्रिया, शिरेतून दिलेले अन्न, डायलिसिस यांनी धोका वाढतो. मानेतली सेंट्रल लाइन तर थेट रक्तात नेणारा रस्ता. ब्लड कल्चरचे मशीन वाजते, मी बाटलीतला थेंब रंगवते आणि जांभळे, अंडाकृती, कोंब फुटलेले यीस्ट दिसतात. पण खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात जवळपास निम्म्या वेळा बाटली गप्पच राहते. तेव्हा रुग्णाला काय काय लावले आहे आणि किती दिवस, यावरूनच डॉक्टरांना औषधाचा निर्णय घ्यावा लागतो.

केमोथेरपीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 500 च्या खाली गेलेल्या रुग्णासाठी मी खिडकीबाहेरही बघते. एलबीएस मार्गावर मेट्रोचे काम, गल्लोगल्ली जुन्या इमारतींचे पाडकाम. अ‍ॅस्परजिलसचे 2 ते 3 मायक्रॉनचे बीजाणू त्या धुळीतून येऊन थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. अशा रुग्णाची खिडकी मोकळ्या हवेसाठी उघडू नका. नातेवाईक ती मायेपोटीच उघडतात.

तुमच्या घरचे कुणी दाखल असेल तर कुणी विचारण्याची वाट पाहू नका. मधुमेह किती वर्षांचा, स्टिरॉइड कोणते, किती दिवस घेतले, हे कागदावर लिहून सिस्टरच्या हाती द्या. आणि डॉक्टर राउंडला आले की रोज एकदा विचारा: ही लाइन अजून लागते का?