कशात सारखं?

चौथीच्या वर्गात ‘उपमा सांगा’ म्हटलं की चंद्र, कमळ, गुलाब, मध अशी ठरलेली रांग लागते. कमळ कधी न पाहिलेल्या मुलांच्या वहीतही डोळे कमळासारखेच. दोष मुलांचा नाही; त्यांच्यापर्यंत आधी व्याख्या पोचते, मग पाठ केलेली उदाहरणं. म्हणून लेखनाच्या तासाला मी अलंकाराचं नावच काढत नाही. हातात वस्तू देतो.

यंदा चिंचा वाटल्या. वास घ्या, हलवून वाजवा, सोला, चोखा, मग लिहा. पहिली वाक्यं ‘चिंच आंबट असते’ अशीच येतात, येऊ द्यावीत. सोलायला लागल्यावर भाषा बदलते. टरफल ‘आजीच्या टाचेसारखं खरखरीत’, शिरा ‘आजोबांच्या हातावर असतात तशा’, आणि चोखलेला चिंचोका ‘डोहातून वर आलेल्या म्हशीसारखा चकचकीत’.

एकीने लिहिलं, ‘चिंच सापासारखी.’

‘कशात सारखी?’

‘वाकडी आहे.’

‘साप आणखी काय करतो?’

‘सळसळतो. पळतो.’

‘आणि ही?’

तिने शेंग बराच वेळ फिरवून पाहिली. साप खोडला आणि लिहिलं, ‘थंडीत पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या माझ्या भावासारखी.’

व्याकरणात उपमेची चार अंगं आहेत: उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. लिहिणाऱ्या मुलाला खरा उपयोग चौथ्याचा. ‘कशात सारखं?’ हा प्रश्न त्याचाच शोध घेतो, आणि तो विचारल्यावर घाईने आणलेला चंद्र आपोआप गळतो. त्याच्या जागी जवळचंच काही येतं. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, १९५२ साली ती पुस्तकरूपात आली. त्यांच्या प्रतिमा रोजच्या शेतातल्या, घरातल्या. मुलांच्या आसपासही एवढं सगळं असतंच. ते वहीत चालतं, हे कुणीतरी ठामपणे सांगायला हवं. घरच्या बोलीतला शब्द आला तर मी तो कधीच बदलत नाही.

पुढे दर वाक्यात ‘सारखं’ येऊ लागतं. मग उपमा झाकून वाक्य वाचायचं. काहीच हरवलं नाही तर ती काढायची.

अलंकारांची नावं अगदी शेवटी, मुलांच्याच वाक्यांवरून. ‘चिंच दातांना चिमटे काढते’ ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, असं सांगितल्यावर एक जण उठला: ‘सर, चिमटे खेकडापण काढतो. माणूसच कशाला पाहिजे?’ वर्गाने त्यावर वाद घातला आणि ठरवलं: खेकडाही जिवंतच की, चालेल.