१०० वॅटचा गिटार अ‍ॅम्प ५० वॅटचा केला तरी शेजारी दार वाजवणारच, कारण…

घरात आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिला असेल तर आठवेल, बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या, लालसर उजेड दिसायचा आणि मग कुठे गाणं सुरू व्हायचं. रेडिओतून हे व्हॉल्व्ह केव्हाच गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते अजून सोडलेले नाहीत.

कारण त्यांचा 'बिघडलेला' आवाज. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम वाढवत नेला की एका मर्यादेनंतर पॉवर व्हॉल्व्हचा दम संपतो. सिग्नलची टोकं दाबली जातात आणि गिटारला रॉकमधला तो जाडसर, खरखरीत आवाज येतो. अडचण एवढीच, की तिथपर्यंत पोहोचेस्तोवर कानाचे पडदे फाटायची वेळ येते.

एवढे मोठे अ‍ॅम्प आले कुठून? १९६५ च्या सुमारास 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडने लंडनच्या जिम मार्शलकडे आणखी मोठा आवाज मागितला. तेव्हा हॉलची साउंड सिस्टीम कमकुवत असायची, मागच्या रांगेपर्यंत गिटार पोहोचवायचं काम अ‍ॅम्पलाच करावं लागायचं. त्यातून मार्शलचा १०० वॅटचा अ‍ॅम्प आला. आज अ‍ॅम्पसमोर माइक असतो, त्यामुळे एवढ्या ताकदीची गरज क्वचितच पडते. बेडरूममध्ये तर नाहीच.

मग लोक पॉवर कमी करायच्या मागे लागतात. सगळ्यात प्रसिद्ध जुगाड म्हणजे चार पॉवर व्हॉल्व्हपैकी दोन काढून टाकणं. हे चार व्हॉल्व्ह दोन-दोनच्या जोड्यांनी आळीपाळीने काम करतात, म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक काढावा लागतो. मार्शलसारख्या अ‍ॅम्पमध्ये साधारणपणे दोन बाहेरचे किंवा दोन मधले. एकाच बाजूचे दोन्ही काढले तर अ‍ॅम्प लंगडा होतो. शिवाय मागचा ओहमचा स्विच निम्म्यावर आणायचा, म्हणजे स्पीकर १६ ओहमचा असेल तर स्विच ८ वर. बायसही पुन्हा तपासून घ्यायचा.

एवढं करून हाती काय लागतं? पॉवर निम्मी होते, पण आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात आणि त्यासाठी पॉवर थेट एक दशांश करावी लागते. म्हणजे १०० वॅटचा निम्मा आवाज ५० वॅटला नाही, १० वॅटला मिळतो! १ वॅटवरसुद्धा तो पाव हिस्सा उरतोच.

दुसरा उपाय ट्रायोड मोडचा. यात व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड एका छोट्या रेझिस्टरमधून प्लेटला जोडतात. पॉवर साधारण निम्मी होते आणि आवाजाची धारही जरा बोथट होते. काहींना तेच आवडतं. पण हिशोब तोच, ३ डेसिबल.

एडी व्हॅन हेलनने वेगळीच वाट धरली. तो व्हेरियाक लावून आपल्या मार्शलला अमेरिकेतल्या साधारण १२० व्होल्टऐवजी ९० च्या आसपास व्होल्ट द्यायचा. तो गाजला, पण त्याची नक्कल सरसकट करण्यासारखी नाही. वीज कमी केली की बायस आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटचे व्होल्टही खाली येतात. व्हेरियाक चुकून वर फिरला तर अ‍ॅम्पच जळायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या अ‍ॅम्पच्या आत ४०० ते ५०० व्होल्ट खेळत असतात. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. म्हणून व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची माहिती असलेल्या तंत्रज्ञाशिवाय आत हात घालू नये. आणखी एक, आवाज नको म्हणून स्पीकरची वायर काढून व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो अ‍ॅम्पमधल्या महागड्या भागांपैकी एक.

घरात वाजवायचं असेल तर अ‍ॅम्प न उघडता अ‍ॅटेन्युएटर वापरणं बरं. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसणारा हा डबा जादा पॉवरची उष्णता करून टाकतो. व्हॉल्व्ह पूर्ण ताकदीने चालत असल्याने ते झिजतात मात्र तेवढेच. मार्शलने स्वतःही २०१२ मध्ये, कंपनीच्या पन्नाशीला, १ वॅटचे अ‍ॅम्प काढले. तेही फुल्ल केले तर फ्लॅटमध्ये दार लावूनच वाजवावे लागतात.