थुंकी नको, बेडका हवा

आशाताई दारात उभ्या राहून झाकणाची प्लास्टिकची डबी पुढे करतात. ‘‘सकाळी उठल्याउठल्या चूळ भरा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोका. थुंकी नको, बेडका हवा.’’ क्षयाच्या बंदोबस्तातलं निम्मं काम या वाक्यात आहे. लाजून किंवा किळस येऊन डबीत नुसती लाळ भरली, की तपासणीत काही सापडत नाही आणि माणूस ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणत, खोकत पुन्हा कामावर जातो.

फुप्फुसाचा क्षय हवेतून पसरतो. खोकल्याबरोबर उडालेल्या बारीक थेंबांतलं पाणी सुकतं आणि उरलेले कण, आत जिवंत जंतू घेऊन, बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ताट-वाटी किंवा टॉवेल यांच्यातून तो पसरत नाही. तरी आपल्याकडे रोग्याचं ताट आधी वेगळं होतं, खिडकी मात्र लावलेलीच असते. बेडक्यात जंतू असलेला रुग्ण औषधाविना राहिला, तर वर्षभरात साधारण १० ते १५ जणांना संसर्ग देतो. त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात जंतू नुसता झोपून राहतो. दहातल्या एखाद्यालाच पुढे कधीतरी रोग होतो.

मग रोग्याला घरापासून लांब ठेवायचं का? १९५६ साली मद्रासमध्ये याचीच परीक्षा झाली. काही रुग्णांना सॅनेटोरियमात ठेवलं, बाकीच्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. गुण जवळजवळ सारखाच आला. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात रोगही जास्त पसरला नाही. कारण संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानाआधीच होऊन गेलेला असतो आणि लागू पडणारं औषध सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णापासूनचा धोका ओसरतो. माझ्या मते गरीब देशांच्या दृष्टीने त्या काळातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग. खाटांअभावी अडलेलं काम त्याने मोकळं केलं.

म्हणून खरी शर्यत निदानाची. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते हजारोंनी असावे लागतात. जनुकीय तपासणीला त्याहून बरेच कमी पुरतात. गोव्यातल्या कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे त्यातलंच बॅटरीवर चालणारं यंत्र. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतोय की नाही, हेही त्यावर तपासता येतं.

साध्या क्षयाला सहा महिने औषध लागतं : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. घाबरू नका, हे आधीच सांगावं लागतं. घोळ होतो तिसऱ्या महिन्यात. खोकला गेलेला, वजन वाढलेलं, मळमळ मात्र चालूच. माणूस गोळ्या सोडतो. उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, औषधाला जुमानेनासे होतात आणि आता ते तसेच दुसऱ्याला लागतात.

पोटाचं काय? झारखंडमध्ये ‘रेशन्स’ नावाच्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, जोडीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. नुसत्या एवढ्याने घरातलं क्षयाचं प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकार पोषणासाठी २०१८पासून रुग्णाच्या खात्यात महिना ५०० रुपये टाकत होतं. नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले. आणि लसीचं काय? बीसीजीची लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते, पण मोठ्यांच्या फुप्फुसापुढे तिचं फारसं चालत नाही.

सर्वांत अवघड काम शेवटी येतं. रुग्ण सापडला की आशाताई विचारतात, ‘‘या खोलीत अजून कोण कोण झोपतं?’’ त्या सगळ्यांची तपासणी होते. ज्यांना रोग नाही त्यांनाही, झोपलेला जंतू उठू नये म्हणून, प्रतिबंधक गोळ्या देतात; एका पद्धतीत आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. आजारी माणूस गोळी घेतो. पण धडधाकट सुनेने ती का घ्यायची, हे सासूबाईंना पटवताना दोन कप चहा होतो.