चमत्काराला जिजाईचा आधार

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या अद्भुतपटाच्या (१९३९) तीन वर्षं आधी पुण्यात ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ झाला. कथा देहूची, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. भक्तिपटाला अद्भुतपट कसं म्हणायचं, हा आक्षेप रास्तच. प्रेक्षक तो श्रद्धेने पाहत. पण इंद्रायणीतून परतणारी गाथा आणि गरुडावरून वैकुंठगमन ही कॅमेऱ्याचीच करामत होती. ऑझची जादू अखेरीस स्वप्न ठरते. इथे तशी पळवाट नाही. तरीही चमत्कार पटतो, तो विष्णुपंत पागनीसांच्या शांत तुकोबांइतकाच गौरीने साकारलेल्या, करवादणाऱ्या, पोराबाळांच्या पोटाची चिंता वाहणाऱ्या त्यांच्या बायकोमुळे, जिजाईमुळे. ती अस्सल नसती, तर गरुड निव्वळ पुठ्ठ्याचा वाटला असता. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने चित्रपट गौरवला. त्यातलं शांताराम आठवले यांचं एक गीत अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटलं.