अंड्याविना कीश

फ्रान्सच्या लोरेन प्रांतातला ‘कीश’ म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेले खारे कस्टर्ड. उष्णतेने अंडे गोठते, म्हणून ते वडीसारखे कापता येते. जैन स्वयंपाकघरात हे काम बेसन करते. मात्र बेसनात कच्चे दूध वा दही कालवले की द्विदलाचा दोष येतो; ‘शाकाहारी’ म्हणवणाऱ्या कितीतरी पाककृती इथेच फसतात. नारळाचे दूध घेतले की तो प्रश्नच उरत नाही.

दीड वाटी कणीक पाव वाटी तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावी. आठ इंची भांड्यात पारी बसवून, काट्याने टोचून, १८० अंशांवर १५ मिनिटे भाजावी. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी व एक वाटी नारळाचे दूध गुठळ्या मोडून कालवावे. मीठ, हिंग, हळद, मिरपूड घालून पिठल्याप्रमाणे मंद आचेवर चांगले घट्ट होईपर्यंत ढवळावे; बेसनाचा कच्चेपणा येथेच जायला हवा, ओव्हनवर भिस्त ठेवू नये. परतलेली ढोबळी मिरची व उकडलेले मक्याचे दाणे मिसळून मिश्रण पारीत ओतावे आणि आणखी २५ मिनिटे भाजावे. गरम कापल्यास कीश ढासळतो; निवायला अर्धा तास द्यावाच. सूर्यास्तापूर्वी पानात वाढायचा असेल, तर चारच्या सुमारास कणीक भिजवावी.