कडपट्टी, धातूची

कडपट्टी, धातूची : उद्यानातील वाफे, हिरवळ, पायवाटा इत्यादींच्या सीमा निश्चित करण्यासाठी जमिनीत उभी बसविलेली धातूची अरुंद पट्टी. विटा, दगड, कौले, लाकूड किंवा ठेंगण्या वनस्पती यांचाही वाफ्याच्या कडेसाठी उपयोग करतात. परंतु या सर्वांना काही ना काही रुंदी असते. धातूची पट्टी सामान्यतः ३ ते ६ मिमी. जाड व १० ते १५ सेंमी. उंच असते आणि तिचा बहुतेक भाग जमिनीत गाडलेला असतो. त्यामुळे पाहणाऱ्यास पट्टी दिसत नाही, तिने आखलेली रेषा तेवढी दिसते. उद्यानरचनेत धातूच्या कडपट्टीचे जे महत्त्व आहे, ते मुख्यतः या बारीकपणामुळे. आकृती रेखीव उठते, पण तीच आकृती चुकली, तर चूकही तितकीच रेखीव व टिकाऊ होते.

बारीकपणाचा लाभ लहान वाफ्यात विशेष जाणवतो. १ मी. त्रिज्येच्या वर्तुळाकार वाफ्याच्या कडेने आतील बाजूस ११ सेंमी. रुंदीची विटांची ओळ बसविल्यास वाफ्याचे सु. एक-पंचमांश क्षेत्र विटांनीच व्यापले जाते. त्याच ठिकाणी ५ मिमी. जाडीची पट्टी बसविल्यास सु. एक-शतांश क्षेत्र खर्ची पडते. घरापुढील लहान बागेत हा फरक उपेक्षणीय नाही.

कार्य : कडपट्टी मातीला व वनस्पतींना आपापल्या जागी ठेवते. हरळी (दूर्वा, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन) जमिनीवरील धावत्या खोडांनी व जमिनीखालील मूलक्षोडांनी अशी दोन्ही प्रकारे पसरते. हिरवळीसाठी लावलेली हरळी शेजारच्या फुलझाडांच्या वाफ्यात शिरली, की तेथे तीच चिवट तण ठरते. पट्टीमुळे तिची उथळ मूलक्षोडे अडतात आणि वरून ओलांडू पाहणारी खोडे एका रेषेत छाटणे सोपे जाते. पुदिन्यासारखी पसरणारी झाडेही अशा पट्टीने आवरता येतात. तथापि खोलवर गड्डे धरणारा लव्हाळा (नागरमोथा) केवळ पट्टीने अडत नाही. तो खणूनच काढावा लागतो. पायवाटेवरील खडी व मुरूम हिरवळीत पसरू न देणे आणि पावसाने वाफ्यातील माती वाहून जाऊ न देणे, ही या पट्टीची अन्य कार्ये होत.

इतिहास : वाफ्यांना कठीण पदार्थांची कड करण्याची प्रथा जुनी आहे. आग्र्याच्या ताजमहालाच्या बागेत पाण्याच्या पाटालगत ताऱ्यांच्या आकृतीचे वाफे दगडी कडांनी आखलेले आहेत. धातूच्या कडेचा एक महत्त्वाचा जुना उल्लेख जॉन पार्किन्सन (१५६७–१६५०) या इंग्रज औषधिविक्रेत्याच्या व वनस्पतिज्ञाच्या पॅराडायझी इन सोल (१६२९) या ग्रंथात आढळतो. वाफ्यांच्या कडांसाठी वापरीत असलेल्या निर्जीव पदार्थांत त्याने शिसे, फळ्या, कौले, गोटे, इतकेच नव्हे तर मेंढ्यांच्या पायांची हाडेही नमूद केली आहेत. चार बोटे रुंदीची शिशाची पट्टी हवी तशी वाकविता येते व वर्षानुवर्षे आकृती टिकवून धरते, हा तिचा गुण त्याने मान्य केला. मात्र ती उन्हाळ्यात फार तापते व हिवाळ्यात फार थंड पडते, असा आक्षेपही त्याने नोंदविला आहे. शिसे विषारी असल्याने ते आता या कामासाठी वापरणे योग्य नाही. पण लवचिकपणा, टिकाऊपणा व तापणे हे धातूचे तीन गुणधर्म आजही लक्षात घ्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे उत्पादन वाढल्यावर इंग्लंडमधील उद्यानांत वेलबुट्टीच्या नक्षीच्या लोखंडी कडा आणि टोपलीच्या आकाराचे वाफे लोकप्रिय झाले. विसाव्या शतकात नक्षीचा सोस कमी होऊन साध्या पोलादी व ॲल्युमिनियमच्या पट्ट्या प्रचारात आल्या.

धातूंची निवड : साधे (सौम्य) पोलाद बळकट व तुलनेने स्वस्त असते, पण ते गंजते. जमिनीच्या पृष्ठभागालगत ओलावा व हवा आळीपाळीने मिळत असल्याने तेथे गंजण्याची क्रिया सर्वांत तीव्र असते व पट्टी बहुधा त्याच रेषेवर खाल्ली जाते. यासाठी पोलादावर रंग अथवा जस्ताचा लेप देतात. जस्त स्वतः झिजून पोलादाचे रक्षण करते. लेप थोडा खरवडला, तरी हे रक्षण काही अंशी चालू राहते. अम्लीय जमिनीत मात्र जस्ताचा लेप लवकर विरघळतो. कोकणातील जांभ्याच्या जमिनी बहुधा अम्लीय असल्याने तेथे ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

तांबे, क्रोमियम, निकेल इ. मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून केलेल्या व ‘कॉर-टेन’ या व्यापारी नावाने १९३३ पासून विकल्या गेलेल्या पोलादावर गंजाचा घट्ट तपकिरी थर बसतो आणि तो आतील धातूचे पुढील गंजणे मंदावतो. रंग न देता टिकणाऱ्या या पोलादाचा उबदार तपकिरी वर्ण करड्या पानांच्या झाडांशी व उंच गवतांशी चांगला जुळतो, म्हणून उद्यानरचनाकारांत ते प्रिय झाले आहे. परंतु हा थर धातू आलटून पालटून ओला व कोरडा होत असेल, तरच नीट बसतो. सतत ओल्या मातीत गाडलेला भाग साध्या पोलादाप्रमाणेच झिजत राहतो; म्हणून पट्टी जाड घ्यावी लागते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेतील क्लोराइडांमुळेही थर घट्ट होत नाही. पहिली काही वर्षे गंजाचे पाणी ओघळून शेजारच्या फरशीवर डाग पडतात, ते वेगळेच. सारांश, मुंबई किंवा रत्नागिरी येथील किनाऱ्यालगतच्या बागेत हे पोलाद केवळ शोभेकडे पाहून निवडणे हितावह नाही.

ॲल्युमिनियमचे वजन त्याच आकारमानाच्या पोलादाच्या सु. एक-तृतीयांश असते व त्यावरील ऑक्साइडाचा पातळ थर त्याचे रक्षण करतो. ते हाताने सहज वाकते, त्यामुळे वळणदार कडांना सोयीचे पडते. तीव्र क्षारीय जमिनीत आणि ओल्या सिमेंटच्या संपर्कात मात्र हा थर टिकत नाही. अगंज पोलाद दीर्घकाळ टिकते, पण महाग असते. तांब्याच्या पट्टीमुळे गोगलगायी दूर राहतात अशी समजूत आहे. तथापि इंग्लंडमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या बागेतील चाचणीत तांब्याच्या फितीचा असा उपयोग आढळला नाही. कोणताही धातू निवडला, तरी मेखा व मळसूत्रे शक्यतो त्याच धातूची असावीत; भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस लागून राहिल्यास विद्युत्‌ रासायनिक क्रियेने त्यांपैकी एक झपाट्याने झिजतो.

आखणी व बसविणे : प्रथम जमिनीवर रेषा आखतात. सरळ रेषेसाठी दोन खुंट्यांमध्ये ताणलेली सुतळी व वर्तुळासाठी मध्यभागी रोवलेल्या खुंटीस बांधलेली दोरी पुरते. मुक्त वळणांसाठी पाण्याची रबरी नळी जमिनीवर हवी तशी पसरून तिच्या कडेने चुन्याची फक्की टाकतात. ही रेषा एक-दोन दिवस तशीच ठेवून घराच्या खिडकीतून, फाटकातून व पायवाटेवरून निरनिराळ्या वेळी पाहावी. कागदावर सुंदर दिसणारी बारीक नागमोडी वळणे जमिनीवर बहुधा अस्वस्थ दिसतात आणि तेथे हिरवळ कापण्याचे यंत्रही नीट फिरत नाही. थोडी पण दमदार वळणे अधिक चांगली.

त्यानंतर रेषेवर अरुंद चर खणून पट्टी उभी करतात. १० सेंमी. उंचीच्या पट्टीचा ७ ते ८ सेंमी. भाग जमिनीत जावा. पट्टीच्या वाफ्याकडील बाजूस ३० ते ४५ सेंमी. लांबीच्या मेखा साधारणतः ७५ ते ९० सेंमी. अंतरावर ठोकतात, ठोकण्यापूर्वी तेथे पाण्याचे नळ व विजेच्या तारा नाहीत, याची खात्री करून घ्यावी. पट्टीचा माथा पाणसळीने तपासून दोन्ही बाजूंनी सारखीच माती भरतात व धुमसाने ठोकून बसवितात. एकाच बाजूने ठोकल्यास पट्टी कलते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मेखा हळूहळू वर येतात. अशा जमिनीत चर थोडा रुंद करून त्यात मुरूम भरणे व मेखा अधिक लांब घेणे इष्ट असते.

उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी सांध्यात जागा सोडावी लागते. तापमानात ४०° से. फरक पडल्यास ३ मी. लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी सु. २·८ मिमी. व पोलादाची सु. १·४ मिमी. वाढते. सांधे घट्ट जखडल्यास ही वाढ साचत जाऊन पट्टी उन्हाळ्यात मध्येच फुगते.

कल्पक उपयोग : कडपट्टीची कल्पकता धातूच्या चमकदारपणात नसून रेषेच्या उपयोगात असते. याचे काही प्रकार पुढीलप्रमाणे आहेत. (१) समतल रेषा : पट्टीचा माथा जमिनीच्या पातळीत ठेवल्यास खडी व हिरवळ एकमेकींस नुसत्या रेषेने भिडतात आणि कापणी यंत्राचे चाक पट्टीवरून फिरू शकते. (२) जोडपट्टी : १५ ते २० सेंमी. अंतरावर दोन समांतर पट्ट्या बसवून मध्ये गोटे भरल्यास शोभेची कड तर होतेच, शिवाय तळाला योग्य उतार दिल्यास पावसाचे पाणी वाहून नेणारा चरही मिळतो. (३) समकेंद्री वर्तुळे : आतील वर्तुळ थोडे उंच ठेवून बाहेरची क्रमाने सखल केल्यास सपाट जागेलाही चढउतार येतो. तुळस, पुदिना, गवती चहा यांसारख्या उपयुक्त वनस्पतींसाठी ही रचना सोयीची असते. (४) पायऱ्या : उतारावर १२ ते १५ सेंमी. उंचीच्या जाड पट्ट्या आडव्या रोवून मागे मुरूम भरल्यास कमी खर्चात रुंद पायऱ्या तयार होतात. (५) जुन्या वस्तू : बैलगाडीच्या लाकडी चाकाची लोखंडी धाव हे तयार वर्तुळच असते. मोडीत निघालेली धाव साफ करून जमिनीत अर्धी बसविल्यास लहान वाफ्याची सुबक कड होते. लोहाराने आगीत तापवून चाकावर चढविलेली ही धाव जाड असल्याने दीर्घकाळ टिकते. रसायनांच्या पिंपांचे कापलेले कडे मात्र भाजीच्या वाफ्यास वापरू नये.

मर्यादा व निगा : पट्टी मातीला अडविते तशी पाण्यालाही अडविते. उतारास आडवी गेलेली अखंड पट्टी पावसाळ्यात वाफ्याचे डबके करते व मुळे कुजतात. हानी बहुधा झाड मरगळल्यावरच ध्यानात येते. म्हणून अशा पट्टीस जमिनीच्या पातळीवर ठराविक अंतराने भोके ठेवावीत किंवा सांध्यात फट सोडून मागे खडी भरावी. जेथे वर्षाकाठी २,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, त्या कोकणात ही तजवीज टाळता येत नाही. जुन्या वृक्षाभोवती आळे करताना पट्टी बुंध्यापासून दूर ठेवावी. तिच्यासाठी जाड मुळे तोडू नयेत व आत मातीची भर घालून बुंधा गाडू नये.

पट्टी ही संरक्षक भिंत नव्हे. मागील मातीची उंची दुप्पट केली, तर मातीचा एकूण रेटा सु. चौपट व पट्टीस उलथवणारा परिणाम सु. आठपट होतो. त्यामुळे सु. ३० सेंमी.हून अधिक उंचीचा फरक असल्यास दगडी बांध किंवा अभियांत्रिकी दृष्ट्या आखलेली भिंतच घालावी.

वर आलेली धारदार कड अनवाणी पायांस व खेळणाऱ्या मुलांस इजा करते. माती लागलेल्या अशा जखमेतून धनुर्वाताचा धोका संभवतो. म्हणून कापलेल्या कडा कानशीने गोल कराव्यात किंवा माथा दुमडलेली पट्टी घ्यावी, आणि वाटेलगत पट्टी एक-दोन सेंमी.पेक्षा वर ठेवू नये. थोडाच भाग उघडा राहिल्याने कडेची कोवळी रोपे उन्हाळ्यात तापलेल्या धातूने होरपळण्याचे प्रमाणही कमी होते. लाकडाप्रमाणे धातूला वाळवी लागत नाही, तरी निगा लागतेच. पावसाळ्यापूर्वी भोकांतील माती काढणे, पावसाळ्यानंतर वर आलेल्या मेखा ठोकणे, खरवडलेला रंग पुन्हा देणे आणि पट्टीवरून डोकावणारी हरळी छाटणे, एवढी कामे वर्षातून दोनदा केल्यास चांगल्या धातूची पट्टी पुष्कळ वर्षे टिकते आणि झाडे बदलली, तरी उद्यानाची मूळ आखणी कायम राहते.